फरशीवाल्याचा जामीन

४ फेब्रुवारी

निर्दोष! — म्हणजे तो, मी नाही.

आज निकाल वाचला. चार वर्षं आठ महिने आत होता माणूस. गोदामाचा रखवालदार. आग लावून आत झोपलेल्या हमालाला जाळल्याचा आरोप. आणि आग लागली तेव्हा हा दोन गल्ल्या पलीकडे दवाखान्याच्या रांगेत बसलेला! केसपेपरवर वेळ आहे, शिक्का आहे. तो कागद पहिल्या महिन्यापासून पोलिसांच्या फायलीत होता. शेवटून दुसरं पान.

आणि ह्याला मी दोनदा जामीन नाकारला. दोनदा! 'गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे, सबब अर्ज नामंजूर.' दीड ओळ. स्टेनोबाईंना ती इतकी पाठ झालीय की मी 'गुन्हा' म्हटलं की उरलेलं त्याच टाइप करून टाकतात.

निकाल ऐकून तो रडला वगैरे नाही. पिंजऱ्यातून बाहेर आला आणि पट्टेवाल्याला विचारलं, "आता कुठं जायचं?" पट्टेवाल्याला वाटलं, सहीसाठी विचारतोय. म्हणाला, "तळमजला, उजवीकडे." तो गेला उजवीकडे.

नंतर त्याच्या वकिलांकडून कळलं — तो आत असताना आई गेली. बायकोने दुसरं घर केलं. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. त्याला खरंच विचारायचं होतं, कुठं जायचं ते.

५ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं आणि घरात आम्ही दोघंच. बाबांनी छत्तीस वर्षं पोलिसात काढली. अजून दाराची कडी लावताना असे बघतात की जणू आत मला कोंडतायत.

"सुटला ना शेवटी? मग झालं तर!"

"पावणेपाच वर्षांनी, बाबा."

"तुमची कोर्टं गोगलगायीसारखी चालतात, त्यात आमचा काय दोष?"

"कागद तुमच्या फायलीत होता."

"आणि फाईल तुझ्या टेबलावर होती."

खरंच होती. त्यांनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. यंत्र डबीत गेलं की आमचा वाद संपला असं समजायचं.

११ फेब्रुवारी

दीड ओळ. दीड ओळ. दीड ओळ. डोक्यातून जातच नाही.

२ मार्च

जामीनअर्जांचा दिवस. अकरा अर्ज. नऊ किरकोळ, एक आजारपणाचा, एक खुनाचा.

खुनातला आरोपी फरशी बसवणारा कारागीर, वय एकोणचाळीस. तो आणि त्याचा भागीदार मिळून कामं घ्यायचे — जिने, न्हाणीघरं, स्वयंपाकाचे ओटे. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत दोघांची जुंपली आणि भागीदार दुसऱ्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत पडला. जागीच गेला. सरकार म्हणतं, ह्याने ढकललं. हा म्हणतो, तो घसरला. पाहणारा एकच, सिमेंट कालवणारा मजूर.

शेजारच्या कोर्टातली फाईल आहे. तिथली न्यायाधीशाची खुर्ची सव्वा वर्ष रिकामी होती. खुर्चीवर धूळ बसत होती आणि तारखा पडत होत्या. जानेवारीत गठ्ठा बांधून सगळं माझ्याकडे आलं.

आरोपी आत आहे त्याला दोन वर्षं अकरा महिने झाले. साक्षीदार अडतीस. आजवर तपासले किती? तीन!

ह्या वेळी फाईल शेवटच्या पानापासून वाचायला घेतली.

९ मार्च

सुनावणी. सरकारी वकील आधी घसा खाकरतात, मग फाईल खाकरतात — म्हणजे पानं फडफडवतात — आणि मग सुरू होतात.

"साहेब, खुनाचा आरोप आहे. हा बाहेर गेला तर पळून जाईल."

"कुठे?"

"जग मोठं आहे, साहेब."

(मला सगळे 'साहेब'च म्हणतात. बाबासुद्धा — रागावले की.)

फरशीवाल्याला सरकारी मदतीतून मिळालेली वकील अगदी नवी आहे. उभी राहिली ती कागद खाली पाडूनच. पण मुद्दा सोडला नाही. "उरलेले पस्तीस साक्षीदार ह्याच गतीने तपासले, तर ह्यांचा निकाल लागेपर्यंत ह्यांच्या मुलीचं लग्न झालेलं असेल, साहेब. ती आता अकरा वर्षांची आहे." कोर्टात हशा पिकला. मी नाही हसले. मी मनात हिशेब करत होते आणि तो बरोबर येत होता.

आरोपीलाच विचारलं, "बाहेर गेलात तर काय कराल?"

त्याने आधी ओठ नुसतेच हलवले. बोलायची सवय गेली असावी. मग म्हणाला, "फरशी बसवीन."

"आणखी?"

"पोरीला शाळेत सोडीन."

एवढंच. 'मी निर्दोष आहे', 'मला अडकवलंय' — काही नाही. तेव्हा मला ते आवडलं. नाटक करत नाही, असं वाटलं.

१२ मार्च

दिला! जामीन मंजूर.

दीड ओळ नाही, अकरा पानं लिहिली. प्रत्येक गोष्टीचं कारण दिलं. आरोप गंभीर आहे हे खरंच. पण आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, आणि शिक्षा व्हायच्या आधीच माणसाची तीन वर्षं आम्ही खाऊन बसलोय. आधीचा एकही गुन्हा नाही. साक्षीदारांना धमकावल्याची तक्रार नाही. अटी घातल्या — दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, शहर सोडायचं नाही, साक्षीदारांच्या आणि मृताच्या घरच्यांच्या वाटेला जायचं नाही, आणि प्रत्येक तारखेला कोर्टात हजर राहायचं. एक जरी तारीख चुकली तरी जामीन गेला.

शेवटच्या ओळीला स्टेनोबाईंनी सवयीने 'नामंजूर' टाइप केलं.

"'ना' खोडा," म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. बारा वर्षं माझ्याबरोबर आहेत. मग खोडलं, आणि कागद माझ्यासमोर ठेवताना हळूच म्हणाल्या, "हलकं वाटलं हो, बाई."

मलाही. घरी येताना दोन थांबे आधीच उतरले आणि चालत आले.

१३ मार्च

जामीनदार कोण आलं असेल? आरोपीची सासू! पासष्टीची, शिडशिडीत, हातात कापडी पिशवी. पिशवीत घराची कागदपत्रं आणि वर एक छत्री.

मी समजावलं, "तो तारखेला आला नाही तर आम्ही तुम्हाला जबाबदार धरू. कळतंय ना, आजी?"

"माझी मुलगी त्याला दिली तेव्हा माझ्याकडनं कुणी असली सही घेतली नव्हती. आता घेताय, तर घ्या."

"आणि पळाला तर?"

"पळायला आधी दारातनं जावं लागेल ना? दारात माझी खाट आहे."

सरकारी वकिलांना एवढा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. मी फायलीत तोंड खुपसून सही केली.

संध्याकाळी पाच वाजता सुटला म्हणे. म्हणजे सुटला नाही — जामिनावर बाहेर आला. शब्द नीट वापरायला हवेत, निदान मी तरी.

१६ मार्च

वर्तमानपत्रात आलं. 'खुनाच्या आरोपीला मोकळं रान'. बाबांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं, सगळंच्या सगळं.

"अकरा पानं लिहिलीत म्हणे, साहेब?"

"हो."

"आम्ही त्याला पकडायला धावलो ते कशाला मग? व्यायाम म्हणून?"

"तुम्ही नव्हता धावला, बाबा. तुम्हाला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली."

"पोलीस निवृत्त होत नसतो."

यंत्र डबीत.

पण खरं अवघड कोर्टात झालं. मृताची बहीण. प्रत्येक तारखेला येते, तिसऱ्या बाकावर बसते, कुणाशी बोलत नाही. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे एवढंच ऐकलंय. आज तिची तारीखही नव्हती. दुसऱ्याच कुठल्या केसचं काम चालू होतं. ती उभी राहिली.

"एक विचारू का?"

पट्टेवाला तिला बसवायला निघाला. मी हातानेच थांबवलं.

"तो घरी गेला. माझा भाऊ कधी येणार?"

'जामीन म्हणजे सुटका नव्हे, बाई, खटला चालणारच आहे' — सांगितलं. कानाला फार कोरडं लागलं. मग आणखी एक बोलून गेले, जे खरं तर बोलायचं नसतं: "ह्या वर्षात हा खटला पुरा होईल. मी रखडू देणार नाही."

"मग मी रोज येईन," ती म्हणाली आणि बसली.

आता बोलले तर बोलले. स्टेनोबाईंना सांगितलं, फरशीवाल्याच्या केसला जूनपासून रोजच्या रोज तारखा. त्या म्हणाल्या, बाकीच्या कामाचं काय? म्हटलं, सकाळी एक तास लवकर बसू. त्यांनी एक मोठ्ठा उसासा सोडला, पण डायरीत लिहून घेतलं.

२३ मार्च

बाबांचा नवाच उद्योग. जेवताना आपले सहज म्हणाले, "तुझा माणूस आला होता आज ठाण्यात. नऊच्या ठोक्याला."

"माझा माणूस? कोण?"

"फरशीवाला. सोमवार नाही का आज!"

ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला फोन करून विचारलं म्हणे! मी भडकले. "बाबा, हे मला कळता कामा नये. असं बाहेरून काही कानावर घ्यायचं नसतं मला."

"मी तुला कुठे सांगतोय? मी भिंतीशी बोलतोय."

भिंतीला बरं वाटलं, हे मात्र इथे लिहून ठेवते.

१३ एप्रिल

तारखेला आला. विजारीचे गुडघे पांढरे. सिमेंट. बहुतेक कामावरून थेटच. पिंजऱ्यात उभं राहायच्या आधी पायपुसण्यावर पाय पुसले, मग विजार झटकली, मग घाबरून इकडेतिकडे बघितलं, कारण धूळ सगळी सरकारी वकिलांच्या कोटावर!

बहीण तिसऱ्या बाकावर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बघायचं नाही म्हणून नाही बघितलं, ते दिसतं.

४ मे

आला.

२५ मे

आला. सासूही बरोबर होती, छत्रीसकट.

१४ जून

नव्या इमारतीत बिऱ्हाड हललं! शनिवार-रविवारी सगळे गठ्ठे ट्रकमधून. तीन कोर्टं अजून जुन्या इमारतीतच राहतील, बाकी सगळी इकडे. नवीन रंगाचा वास, खिडक्या उघडत नाहीत, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबते पण दार उघडत नाही. माझी जुनी पाच नंबरची खोली गेली. इथेही पाच नंबरच मिळाला. स्टेनोबाईंना त्याचाच आनंद. "दारावरची पाटी बदलायला नको!"

उद्यापासून फरशीवाल्याची केस, रोज.

१५ जून

आला नाही.

साडेदहाला पुकारा झाला. नाही. अकराला. नाही. त्याची वकील मजल्यामजल्यावर धावली, जिन्यावरून खाली, परत वर. "मी सांगितलं होतं त्यांना, साहेब, पाच नंबरला या म्हणून. बायको कामावर आहे, फोन उचलत नाही." साक्षीला दोघं डॉक्टर आलेले. बसून बसून परत गेले. सरकारी वकील एका शब्दाने बोलले नाहीत. आज घसासुद्धा खाकरला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

साडेचारला वॉरंट काढलं. सही करताना पेन उमटेना. दुसरं घेतलं.

तिसऱ्या बाकावरून ती उठली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. ते बघणं शिवीपेक्षा वाईट.

अकरा पानं! काय काय लिहिलं होतं मी त्यात — 'आरोपीची मुळं ह्या शहरात आहेत', 'पळून जाण्याची शक्यता दिसत नाही'. मुळं म्हणे! त्या म्हातारीला आता धरून आणायचं? घर जप्त करायचं? आणि उद्यापासून जो जो जामीन मागेल, त्याला मी काय देणार आहे? तीच दीड ओळ. कारण ती लिहिणाऱ्याचं कधी काही बिघडत नाही. आत सडणारा वर्तमानपत्रात येत नाही, पळालेला येतो.

घरी आले तर बाबांनी काही विचारलं नाही. अंडी उकडून ठेवली होती, चहा ठेवला. त्यांना कळलेलं होतं. टोमणा नाही, 'साहेब' नाही. फक्त म्हणाले, "खाऊन घे, पोरी."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर भांडता तरी आलं असतं.

१६ जून

हसू की रडू! हसतेच.

साडेनऊला कोर्टात पोचले तर माझ्या दाराबाहेर तिघं उभे. फरशीवाला, एक पोलीस, आणि जुन्या इमारतीचा म्हातारा पहारेकरी. पहारेकरी इतका घाईत होता की मी खुर्चीवर बसायच्या आतच सुरू झाला.

"साहेब, ह्याची चूक नाही. काल सकाळी दहापासून हा माझ्याकडे बसून होता!"

"तुमच्याकडे म्हणजे?"

"जुन्या पाच नंबरसमोर. दाराला कुलूप. मला वाटलं, शेजारच्या कोर्टात काम असेल ह्याचं. दोनदा चहा पाजला मी. संध्याकाळी सहाला कुलपं बघत आलो तर हा तिथेच! म्हटलं, अरे, कुणाची वाट बघतोयस? म्हणतो, साहेबांची. म्हटलं, साहेब तर गेले नव्या इमारतीत!"

मी फरशीवाल्याकडे बघितलं. "दिवसभर कुलूप लावलेल्या दारासमोर बसलात? कुणाला विचारलं नाही?"

"वाटलं, उघडतील," तो म्हणाला. "उठून विचारायला गेलो आणि तेवढ्यात पुकारा झाला तर? तारीख चुकली तर जामीन गेला, असं तुम्हीच म्हणाला होतात."

सहाला कळल्यावर हा धावत नव्या इमारतीकडे. ती बंद. मग स्वतःच ठाण्यात जाऊन बसला. तिथल्या हवालदाराने वॉरंटचा कागद वाचून दाखवला आणि म्हणाला, बरं झालं आलास, मला शोधायला जायचा कंटाळा आला होता.

वॉरंट रद्द केलं. त्याची वकील रडत होती — 'पाच नंबर' म्हणाली, कुठल्या इमारतीतला ते सांगायचं राहिलं! मी तिला रागावले. रागावताना आवाजात राग येईना.

सरकारी वकिलांनी आज दणदणीत घसा खाकरला. ते ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू!

बाबांना सांगितलं तर त्यांना हसता हसता खोकला लागला. "छत्तीस वर्षांत असला फरारी नाही बघितला! कोर्टातच दडून बसला!" मग डोळे पुसत म्हणाले, "नाही पळायचा हा. दे जामीन, पोरी. देत जा."

देत जा! बाबा म्हणाले!

३ जुलै

नऊ साक्षीदार झाले. सकाळचा जादा तास सगळ्यांच्या अंगवळणी पडला. बहीण रोज पहिली येते. तिच्या दुकानातून सुट्टी मिळते कशी कोण जाणे.

त्या रखवालदारासारख्या आणखी चौघांच्या फायली काढून वाचल्या. दोघांना जामीन दिला. दोघांना नाही दिला — एकाने साक्षीदाराला खरंच धमकावलंय, दुसऱ्याने आधी एकदा पळून दाखवलंय. नाही देतानाही चार-चार पानं लिहिली. स्टेनोबाई म्हणतात, बाई, आता माझी बोटं जामीन मागतील.

२१ ऑगस्ट

सिमेंट कालवणाऱ्या मजुराची साक्ष. अख्खा खटला ह्याच्या खांद्यावर होता आणि ह्याने खांदाच काढून घेतला.

"ढकलताना पाहिलं का?"

"नाही, साहेब. ओरडणं ऐकलं. वळून बघितलं तर तो खाली."

"पोलिसांना तर सांगितलंत की पाहिलं!"

"पोलीसच म्हणाले, पाहिलंस. मी म्हटलं, बरं."

सरकारी वकिलांनी उलटतपासणी घेतली, पोलिसांनीही चौकशी केली. कुणी त्याला भेटलेलं नाही, कुणी दमदाटी केलेली नाही. त्याने खरंच पाहिलं नव्हतं.

३० सप्टेंबर

डॉक्टर म्हणतात, जखमा पडून झालेल्या. घसरून की ढकलून, ते शरीर सांगत नाही.

२७ ऑक्टोबर

अडतिसावा साक्षीदार झाला. पाच महिन्यांत पस्तीस! पट्टेवाल्याने सगळ्यांना चहा सांगितला, स्वतःहून.

सरकारी वकील जाता जाता म्हणाले, "साहेब, मनातलं सांगू का? माझ्याकडे काही उरलं नाही." म्हटलं, मला सांगू नका, युक्तिवादात काय ते सांगा. पण दोघांनाही ठाऊक आहे. ह्या पुराव्यावर कुणालाही शिक्षा होत नाही. होताही कामा नये.

२ नोव्हेंबर

किती दिवसांनी शांत झोप लागली! उठले तर उन्हं टेबलापर्यंत आलेली.

एवढंच वाटत राहतं — मी तेव्हा 'ना' खोडला नसता तर हा माणूस आजही आत असता. आणि कधीतरी चार-पाच वर्षांनी बाहेर येऊन पट्टेवाल्याला विचारत बसला असता, कुठं जायचं. तसं झालं नाही. ह्या एकाच्या बाबतीत तरी नाही झालं. कामं करतोय, घरी राहतोय, लेकीला शाळेत सोडतोय. माझी अकरा पानं बरोबर होती. हे कुणाला म्हणून दाखवता येत नाही, म्हणून इथे लिहिते — बरोबर होती!

बाबांनाही कुणकुण लागलीय. सकाळी चहा ओतताना म्हणाले, "माणूस ओळखलास तू."

बहिणीचं काय, हा प्रश्न मात्र आहेच. तिला निकाल कसा समजावणार? वर्षाच्या आत खटला संपवते म्हटलं, तेवढं तरी पाळलं.

परवा आरोपीचा जबाब. ही नुसती रीत. पुराव्यातली एकेक गोष्ट मी वाचून दाखवायची आणि 'ह्यावर काय म्हणणं आहे' विचारायचं. शपथ नाही, उलटतपासणी नाही. आजवर शेकडो जबाब घेतले. सगळ्यांचं उत्तर एकच — खोटं आहे. चौतीस प्रश्न काढलेत. अर्ध्या तासाचं काम.

४ नोव्हेंबर

तेहतीस उत्तरं त्याने दिलीच नाहीत. नुसता उभा होता, मी आपली वाचत गेले.

चौतिसावा: "तुम्ही मृताला जिन्याच्या पोकळीत ढकललंत, असा आरोप आहे. काय म्हणणं आहे?"

"खरं आहे."

मी पुन्हा विचारलं. त्याची वकील ताडकन उभी राहिली. त्याने तिला हाताने बसवलं.

"तो घसरला नाही, साहेब. पायऱ्यांची मापं माझी चुकली होती आणि तो त्या मजुरादेखत हसला. मी ढकललं. आत होतो तोवर खोटं बोलायला काही वाटत नव्हतं. आता रोज पोरीला शाळेत सोडतो. फाटकाशी ती रोज विचारते, 'बाबा, तुम्ही नाही ना केलंत?' नाही म्हणून म्हणून थकलो. आज सकाळी तिला खरं सांगितलं, मग इकडे आलो."

मी ओळखला होता म्हणे माणूस!

तिसऱ्या बाकावर ती ओंजळीत तोंड धरून किती तरी वेळ रडली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच. मग डोळे पुसून सरळ बसली आणि मोठा श्वास सोडला. तो श्वास मला खुर्चीपर्यंत ऐकू आला. माझाही तसाच सुटला.

त्याला बेडी नव्हती. आणायला कुणी गेलं नव्हतं. पावणेअकराची वेळ दिली होती, साडेदहालाच येऊन बसला होता.